चौकटीचं डावं लाकूड

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये घर बघायला गेलेला माणूस आधी छप्पर बघत नाही. खिशातून जाफा काढतो. जाफा म्हणजे नारिंगी कवचाची टणक चॉकलेटगोळी. सिडनीतली पोरं ती थेटरात उतारावरून घरंगळत सोडतात आणि पडद्यावरच्या चुंबनाचा सत्यानाश करतात. न्यूकॅसलमधली मोठी माणसं ती दुसऱ्याच्या बैठकीच्या खोलीत सोडतात आणि कुठे जाऊन थांबते ते बघतात. गोळी जागेवर राहिली तर घरमालक छाती फुगवतो. पळाली तर म्हणतो, "थोडा उतार आहे, फरशी धुवायला बरा."

खालून शंभर-सव्वाशे वर्षं कोळसा काढला, वर गाव तसंच ठेवलं. खालच्या पोकळ्या हळूहळू बसतात, वरची घरं त्यांच्याबरोबर कलतात. दारांना आकडे लावायचे, टेबलाच्या कडेला पट्टी ठोकायची, आणि विषय संपवायचा. ज्यांनी कोळसा विकला ते तिथे राहत नव्हते.

एनिड ट्रेंबाथ अशाच एका घरात वाढली. तिचा बाप क्लेम एकतीस वर्षं खाणीत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका पायाखाली तो बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्या सरकवत असे. दोन वर्षांनी एक चकती वाढे. बैठकीच्या भिंतीवर त्याच्या युनियनचा जुना फोटो होता, चाळीस मिशीवाले खाणकामगार. तो फोटो क्लेमनं ओळंबा लावून टांगला होता. त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो वाकडा दिसायचा.

एनिडची मावशी डल्सी दर रविवारी यायची आणि आल्या आल्या फोटोला हात घालायची.

"हात काढ," क्लेम खुर्चीतूनच ओरडायचा.

"अरे, वाकडा झालाय तो. बघवत नाही."

"तो सरळ आहे. भिंत वाकडी आहे."

"भिंत कशी वाकडी असेल? भिंत आहे ती!"

"डल्सी, तुझ्या बुडाखालची खुर्ची कुठल्या बाजूला घसरतेय ते सांग, मग भिंतीबद्दल बोलू."

एनिड हसून लोळायची. घरात शिकवण म्हणून दुसरं काही मिळालं नाही, पण हे मिळालं. डोळा भिंतीचं ऐकतो, शरीर जमिनीचं ऐकतं. दोघांचं भांडण झालं की क्लेमच्या घरात शरीराची बाजू घ्यायची.

आता प्रोफेसर हॅडो. सेल्विन हॅडो इंग्लंडहून आला तेव्हा गावातलं विद्यापीठ नवंकोरं होतं, विटांना अजून चुन्याचा वास येत होता. त्याचा विषय एकच. माणसाला 'सरळ उभं' कसं कळतं? प्रयोगही साधा. अंधारी खोली, खुर्ची, समोर उजळणारी एक दांडी. हातातला खटका फिरवून ती दांडी बरोब्बर उभी करायची. मग दिवा लावायचा, खोली दिसू लागली की पुन्हा तेच. दांडीच्या मागे अंशांचा काटा. खुर्चीत बसणाऱ्याला ते लोक निरीक्षक म्हणतात.

अंधारात सगळे निरीक्षक दांडी किंचित डावीकडे कललेली ठेवत. उजेडात तीच माणसं ती शून्यावर आणत. हॅडोनं यावर निबंध लिहिला. माणसाच्या मेंदूतच एक डावा कल आहे, उजेडात भिंती तो दुरुस्त करतात. झालं. 'हॅडो-कल' पाठ्यपुस्तकात गेला. असं का होतं, तर आधी म्हणाला हृदय डावीकडे असतं म्हणून. मग म्हणाला माणसं उजव्या हातानं काम करतात म्हणून. परदेशातल्या दोन प्रयोगशाळांना हा कल सापडला नाही. हॅडो म्हणाला, त्यांचे निरीक्षक कच्चे आहेत. मोठ्या माणसाला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

एकोणीसशे बासष्ट साली अठरा वर्षांची एनिड त्या खुर्चीत बसली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निरीक्षक व्हावंच लागे. अंधारात तिनं दांडी लावली, डावीकडे शून्य पूर्णांक सहा अंश. इतरांसारखीच. दिवा लागला. पुन्हा लावली. पुन्हा शून्य पूर्णांक सहा.

"मिस ट्रेंबाथ," हॅडो म्हणाला, "दिवा लागलाय."

"हो सर."

"समोरचं दार दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग दांडी दाराशी जुळत नाही, हेही दिसत असेल."

"दिसतंय की सर. दार वाकडं आहे."

मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली. हॅडोही हसला. त्याचं हसणं सभ्य होतं, सभ्य हसणं जास्त लागतं. "दार? हे दार मी स्वतः ओळंब्यानं तपासलंय, मिस ट्रेंबाथ. आमचं शून्य आम्ही त्याच चौकटीच्या डाव्या लाकडाला लावतो." मग त्यानं वहीत तिच्या, एक्केचाळीस क्रमांकाच्या ओळीवर लाल पेन्सिल फिरवली आणि बाजूला लिहिलं, 'अविश्वसनीय'.

एनिड घरी आली. बापाला काही बोलली नाही. पोरीनं खरं सांगितलं होतं, आणि पुढची चौदा वर्षं तिनंच स्वतःला समजावलं की माझ्या डोळ्यांत खोट आहे. शिकलेल्या माणसानं हसून सांगितलं की अडाण्याच्या पोरीला ते पटतंच. पटावं म्हणूनच तर ते हसतात.

पण एक गोष्ट तिला सोडवेना. मलाच वेगळं का दिसतं? रागानं काहीजण शिक्षण सोडतात, एनिड रागानं त्याच विषयात घुसली. मेलबर्नला जाऊन डॉक्टरेट केली. बोटीवरच्या खलाशांना झुलत्या खोलीत बसवलं, कानाच्या आतल्या दुखण्यानं तोल गेलेल्या म्हाताऱ्यांना बसवलं, डोक्यावर उभ्या राहणाऱ्या सर्कशीतल्या बाईला बसवलं. ती बाई म्हणाली, "पोरी, उलटी असले की मला जग सुलटं दिसतं, लिही तिथे," आणि एनिडनं खरंच लिहिलं. माणसाला काय दिसतं ते विचारायचं आणि तो सांगेल ते न हसता लिहायचं. तिची पद्धत एवढीच होती. फक्त स्वतः ती निरीक्षकाच्या खुर्चीत पुन्हा कधी बसली नाही. "मी त्या कामाची नाही," म्हणायची, आणि वही हातात घ्यायची.

सत्तर साली ती न्यूकॅसलला परतली, हॅडोच्याच विभागात, एकेका वर्षाच्या कराराने. बसायला जागा जिन्याखाली. हॅडोला ती आठवतही नव्हती.

शहात्तर साली हॅडो निवृत्त व्हायला निघाला. त्यानं एनिडला बोलावलं.

"अठरा वर्षांचं सगळं मोजमाप एकत्र कर," तो म्हणाला. "शेवटचा मोठा निबंध. तुझं नाव माझ्या नावाखाली. शुक्रवारी कायमच्या जागेची कमिटी आहे, माहीत आहे ना? अध्यक्ष मीच आहे."

"माहीत आहे, प्रोफेसर."

"एक गंमत तुला दिसेल. कल वर्षागणिक वाढतोय. अठ्ठावन्नला शून्य पूर्णांक चार होता. आता एक पूर्णांक तीन. मला वाटतं टीव्हीमुळे. माणसं सोफ्यावर आडवी पडून बघतात."

एनिडला कायमची जागा हवी होती. उगाच खोटं कशाला लिहायचं, फार हवी होती. सहा वर्षं जिन्याखाली बसून डोक्यावर विद्यार्थ्यांचे बूट ऐकले होते. तिनं वह्या काढल्या, आकडे आलेखावर चढवायला घेतले. रेघ हळूहळू वर जात होती, एखादं झाड वाढावं तशी. आणि सदुसष्ट सालच्या जूनमध्ये ती एकदम पायरीसारखी उडाली होती. एका आठवड्यात शून्य पूर्णांक दोन अंश. एक जूनला शून्य पूर्णांक आठ, नऊ जूनला एक.

"एका आठवड्यात टीव्ही?" ती स्वतःशीच म्हणाली.

सदुसष्टचा जून. तेव्हा ती मेलबर्नला होती. पण त्या जूनमध्ये बापाचं पत्र आलं होतं, आणि क्लेम वर्षात एकच पत्र लिहायचा, म्हणून ते लक्षात होतं. खाली जुन्या खाणीचं छत बसलं, गल्लीतल्या सगळ्यांच्या कपबश्या फुटल्या, आपलं धुराडं पडलं, चर्चची घंटा कुणी न ओढता वाजली, डल्सीला वाटलं येशू आला.

एनिड उठली. प्रयोगशाळेत गेली. दार उघडंच होतं, पितळी आकड्यानं भिंतीला अडकवलेलं. तिनं आकडा काढला. दार आपोआप सावकाश निघालं आणि बंद झालं. सहा वर्षं ती हा आकडा रोज लावत होती. गावातल्या प्रत्येक दाराला असतो, म्हणून एकदाही मनात आलं नाही की नव्या विटांच्या, सरकारी नकाशाच्या इमारतीत तो का असावा. हॅडोला वाटायचं, समुद्राच्या वाऱ्यामुळे. टेबलाच्या कडेची पट्टी? पेन्सिली पडतात म्हणून. पेन्सिली का पडतात, ते कुणी विचारलं नाही. अख्खं गाव तिरपं असलं की तिरपेपणाला कुणी तिरपेपणा म्हणत नाही.

उपकरणं सांभाळायला बोहदान नावाचा माणूस होता, लढाईनंतर युक्रेनमधून आलेला, मुळातला घड्याळजी. विद्यापीठात सगळे त्याला बॉब म्हणत, कारण बोहदान म्हणायला त्यांची जीभ थकत असे. एनिड बोहदानच म्हणायची.

"बोहदान, तुमच्याकडे ओळंबा आहे?"

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. मग खण उघडला. अगदी वरच, दोरी नीट गुंडाळून ठेवलेली. "सतरा वर्षं वाट बघतोय बाई, कुणी मागतंय का."

त्यांनी तो चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला धरला. दोरी खाली लोंबली, थोडी झुलली, थांबली. डाव्या लाकडाच्या वरच्या टोकाला चिकटलेली दोरी खाली दोन बोटं दूर होती. बोहदाननं मोजपट्टी लावली, डोक्यात हिशेब केला.

"एक पूर्णांक तीन," तो म्हणाला.

एनिड निरीक्षकाच्या खुर्चीत बसली. चौदा वर्षांनी. समोर दार होतं. वाकडं. तेव्हाही वाकडंच होतं. हॅडोनं पंचावन्न साली इमारत नवी असताना ओळंबा लावला, दार सरळ निघालं, आणि त्यानं नियम लिहून ठेवला: शून्य या लाकडाला लावावं. मग इमारत कलत गेली, लाकूड कललं, शून्य कललं. अंधारात माणसं बिचारी बरोब्बर उभी दांडी लावत होती आणि काटा म्हणत होता, चूक. भिंती डोळ्यांना फसवतात हे सिद्ध करण्यात ज्यानं आयुष्य घातलं, त्यानं आपलं शून्यच भिंतीला टांगलं होतं.

तिला हसू आलं. मग रडू. मग पुन्हा हसू.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"एकोणसाठ. सांगितलं होतं त्यांना. म्हणाले, बॉब, शून्य दाराला लागतं. मी म्हटलं, बरं." बोहदाननं खांदे उडवले. "मग रोज सकाळी दाराला लावलं. फार अचूक लावलं. कुणी नाव ठेवू शकणार नाही."

मंगळवारी सकाळी एनिड हॅडोच्या खोलीत गेली. तो खोक्यांत पुस्तकं भरत होता. तिनं जमिनीवर एक जाफा ठेवली. गोळी क्षणभर थांबली, जणू विचार करत होती, मग निघाली, गालिच्याची कड ओलांडून कपाटाखाली गेली आणि पलीकडच्या भिंतीला टक् करून लागली.

"हा काय पोरखेळ?"

तिनं दुसरी सोडली. टक्.

हॅडोचा हात पुस्तकावर तसाच राहिला. "पुन्हा," तो म्हणाला. मग स्वतःच पुढे आला, तिच्या हातातली गोळ्यांची पिशवी घेतली, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गोळी ठेवली. तिसरी, चौथी. चौसष्ट वर्षांचा माणूस सूट घालून हातापायांवर रांगत होता. या माणसाचा तिला चौदा वर्षं राग होता आणि अजूनही होता. पण रांगणाऱ्या हॅडोकडे बघताना तिला तो आवडला. त्यालाही जाणून घ्यायचं होतं. एकेकाळी नक्कीच होतं.

ते प्रयोगशाळेत गेले. बोहदाननं ओळंबा दाखवला. हॅडोनं स्वतः मोजलं, दोनदा.

"बॉब, तू मला पुन्हा का नाही सांगितलंस?"

"पुन्हा विचारलं कुणी?"

हॅडो खिडकीशी गेला. बाहेर समुद्रात कोळशाची जहाजं रांगेत उभी होती. तिथून त्याचा आवाज आला, पण तो आवाज वेगळा होता, कमिटीतला.

"एनिड, जानेवारीत मी इंग्लंडला जातोय. तोवर हे तिघांतच राहू दे. शुक्रवारी जागा तुझी. नंतर काय छापायचं ते छाप."

जागा. खिडकी असलेली खोली, दारावर नाव. हो म्हणायला किती सोपं होतं! दोन महिन्यांचा तर प्रश्न.

"एक्केचाळीस नंबरचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"कोण एक्केचाळीस?"

तिनं बासष्टची वही उघडून त्याच्यापुढे धरली. लाल रेघ फिकी झाली होती. अक्षर त्याचंच होतं.

"ही मी. उजेडात, दार समोर असताना, त्या खोलीत बरोबर बघणारी मी एकटीच होते, प्रोफेसर. तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही हसलात." तिचा आवाज चढला नाही. "जानेवारीत तुम्ही नसताना छापायचं म्हणजे पाठीमागून बोलायचं. मी तेव्हा तोंडावर बोलले होते, आताही तोंडावरच बोलणार."

हॅडोनं ते पान वाचलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा पान. मग बोहदानला म्हणाला, "शून्य ओळंब्याला लाव." बोहदाननं काटा सोडवला, दोरीशी जुळवला, पुन्हा कसला. हॅडो निरीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसला.

"दिवा राहू दे," तो म्हणाला. "मला सगळं माहीत आहे. दार वाकडं आहे हे मी आत्ता मोजलंय. बघू या."

त्यानं खटका फिरवला. दांडी हलली, थांबली, जरा मागे आली. "ही. ही उभी आहे."

एनिडनं काटा पाहिला. उजवीकडे एक पूर्णांक तीन. तंतोतंत दाराशी जुळलेली.

"पुन्हा लावा."

दहा वेळा लावली. दहाही वेळा दाराला जाऊन चिकटली.

"आश्चर्य आहे," हॅडो हळू म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात कमिटी नव्हती. "मला माहीत आहे. तरी मला दार सरळच दिसतंय. तुला खरंच वाकडं दिसतं?"

"खरंच."

"कसं दिसतं?"

चौदा वर्षं उशिरा विचारलेला प्रश्न होता. तिनं तरी उत्तर दिलं. "कुणीतरी मला ढकलतंय आणि दार म्हणतंय, मी नाही, असं."

तिचा हात सवयीनं वहीवर गेला होता. हॅडोनं पाहिलं. "लिहितेस?"

"हो."

"लिही. नंबर नको घालूस. माझं नाव घाल."

गुरुवारी त्यानं नव्या निबंधावर सही केली. त्यात हॅडो-कल हॅडोच्याच नावानं मोडीत निघाला होता. शुक्रवारी कमिटीत कुणीतरी विचारलं, आपल्याच विभागाची अठरा वर्षांची इभ्रत घालवणाऱ्या बाईंना कायम करायचं का? अध्यक्ष हॅडो खिडकीतून जहाजं बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. ज्यानं सही केली तो हाच, जो गप्प बसला तोही हाच. मला विचाराल तर खरेपणाला माणूस एकदाच पुरतो, दुसऱ्यांदा त्याची हिंमत संपलेली असते. निदान विद्यापीठांत तरी.

पत्र सोमवारी आलं. जाड, दुधी रंगाचा कागद, वर विद्यापीठाची उठावाची मुद्रा. 'आम्हाला खेद वाटतो.' कायमची जागा नाही, आणि पुढचा करारही नाही. एनिड ते घेऊन बापाकडे गेली.

"गेली नोकरी?" क्लेमनं विचारलं.

"गेली."

"का?"

"दार वाकडं आहे म्हटलं."

"होतं का?"

"होतं."

"मग ठीक आहे." त्यानं चहा ओतला. कपातला चहा एका काठाकडे चढला. "च्यायला, पुन्हा बसली वाटतं जमीन. चकत्या संपल्यात."

एनिडनं पत्राची घडी घातली. मग घडीची घडी. टेबल उचलून पायाखाली सरकवली. जाड कागद होता, सरकारी पैशाचा. चहा कपात बरोब्बर आडवा झाला.

ती उघड्या दारातून बैठकीच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसली. चाळीस मिशीवाले, त्यांच्या घरांत तिच्यासारखीच वाढलेली त्यांची पोरं. मग माझ्यासारखं बघणारी मी एकटी कशी असेन? या गल्लीतल्या प्रत्येक घरात एकेक एक्केचाळीस बसलेला असणार. कुणी विचारलेलं नाही, एवढंच. आणि डल्सीमावशी? ती पलीकडच्या टेकडीवरच्या घरात वाढली, खाली खाण नाही तिथे. म्हणून ती फोटो सरळ करते का?

"बाबा, विणायची सुई आहे घरात? आणि बॅटरी?"

"कशाला?"

"इथे बस. पाय उचल जमिनीवरून. दाराकडे बघ, आणि सुई उभी झाली की सांग."

"नोकरी गेली तुझी, आणि कामाला मला लावतेस?"

"हलू नकोस. डावीकडे की उजवीकडे?"

क्लेमनं एक डोळा मिटला, दुसरा बारीक केला. एनिडनं वहीचं नवं पान उघडलं.